आक्का ‘घे’ म्हणाल्या तेव्हा

निगडीच्या बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आक्कांचं दुकान होतं, आणि त्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला आक्का पहिला शब्द काय ऐकवत असतील, तर "थांब!" दुकान होतं व्हिडिओ गेमचं. गल्ल्यावर नऊवारी पातळ नेसलेली, नाकाच्या शेंड्यावर चष्मा उतरलेली एक बाई बसलेली असायची. दोन्ही हातांत गेमचं छोटं मशीन, आणि त्यावर अंगठे असे चालायचे की बघणाऱ्याचे डोळे दमावेत. नव्या माणसाला वाटायचं, मुलगा जेवायला गेलाय आणि आई राखण करतेय. तो बिचारा अदबीनं विचारायचा, "मावशी, दुकानात कुणी नाही का?" आक्का मान वर न करता म्हणायच्या, "मग मी काय भूत हाय व्हय? बोल, काय खेळतोस?"

माणसानं दुकान काढावं आणि येईल त्याला ‘घेऊ नको’ म्हणावं, हा काय धंदा झाला? पण आक्कांचा धंदा तसाच होता. स्वतः शेवटपर्यंत खेळल्याशिवाय एकही गेम त्या विकत नसत. त्यांच्याकडं तीनच निकाल होते. ‘घे’, ‘थांब’ आणि ‘सोड’. एकदा एक सुटाबुटातला साहेब मुलासाठी कुठलासा तलवारबाजीचा गेम मागायला आला. आक्का म्हणाल्या, "सोड. दुसऱ्या राजाला मारला की पुन्हा त्योच राजा येतो, निस्ता अंगरखा बदलून." साहेब म्हणाला, अहो पण नेटवर तर सगळे चांगला म्हणतायत. "मग नेटवाल्याला सांग की पोराचं समाधान करायला," असं म्हणून आक्का पुन्हा मशीनमध्ये शिरल्या. तो साहेब पुढं त्यांचं कायमचं गिऱ्हाईक झाला.

आक्का मूळच्या महाळुंग्याच्या. जमीन कंपन्यांत गेली तेव्हा दिरांनी गाड्या घेतल्या आणि आक्कांनी निगडीत गाळा घेतला. सगळ्यांनी सांगितलं, साड्यांचं दुकान काढा, पिठाची गिरणी टाका. पण त्याच उन्हाळ्यात भाच्यानं घरी विसरलेलं गेमचं मशीन आक्कांच्या हाती लागलं आणि सुटलंच नाही. मी एकदा विचारलं होतं, की आक्का, या वयात हे कुठून सुचलं? त्या म्हणाल्या, "वावर गेलं. खुरपं गेलं. हाताला सवय हाय कामाची, त्ये काय कंपनीत गेले न्हाईत." बोटाच्या पेराएवढं गेमचं कार्ड यायला लागलं तरी त्या त्याला शेवटपर्यंत कॅसेटच म्हणत.

त्यांचे यजमान, अण्णा, दुकानाच्या कोपऱ्यात स्टोव्हवर चहा करत बसलेले असायचे. गेममधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण आक्कांच्या निकालांवर त्यांची टिप्पणी ठरलेली. "आमच्या हिला लगीन ठरवताना कुणी इचारलं न्हाई म्हून बरं," ते म्हणायचे, "न्हाईतर मला बघून ‘थांब’च म्हणली असती." यावर आक्का म्हणायच्या, "‘सोड’ म्हणले असते." आणि दोघंही हसायचे. हा विनोद मी किती वेळा ऐकला असेल कोण जाणे, पण दर वेळी तो त्या दोघांना नवाच असायचा.

मी साताऱ्याचा. महाळुंग्यातल्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो, खोली घेतली निगडीत आणि रोज कंपनीच्या बसनं जाऊन येऊन असायचो. तळेगाव चौकातली कोंडी ज्यानं भोगलीय त्याला मी काय वेगळं सांगू? शिफ्टपेक्षा ती कोंडी लांबायची. त्या बसमध्ये आम्ही काही जण असे होतो, की ज्यांना हातात धरून खेळायच्या मशीननं वेड लागण्यापासून वाचवलं. आमच्यातला वाघमोडे हा बीडकडचा, फोर्कलिफ्ट चालवायचा. बायको आणि मुलगी गावाकडं. मशीन त्याच्याकडं नव्हतं, तो शेजारी बसून दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायचा आणि न विचारता सल्ले द्यायचा. आम्ही सगळे आक्कांची माणसं. आक्का मला ‘सातारकर’ म्हणायच्या, आणि माझं पाळण्यातलं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं असा मला दाट संशय आहे.

एका दिवाळीच्या तोंडावर नवं मशीन बाजारात आलं. आक्कांनी ते सर्वांआधी मागवलं. मी गेलो तर त्या मशीन तळहातावर घेऊन बसल्या होत्या, खेळत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. "सातारकर, ह्ये बघ," त्या म्हणाल्या, "पडदा बघ. बटणं बघ, लोण्यावानी हायत." खरोखरच देखणी वस्तू होती. मी हातात घेतलं आणि विचारलं, "पण आक्का, यावर गेम कुठायत?" गेम म्हणजे नावाला होते. एक गाड्यांचा, एक मासे धरायचा, आणि एक जुनाच, नव्या वेष्टनात घालून आणलेला. आक्का म्हणाल्या, "येत्याल की. जमीन कसदार असंल तर पीक कुठं जातंय?"

इथंच आक्का चुकल्या. शेतकऱ्याची बाई, मातीचं ढेकूळ बोटांत चुरगाळून रानाची परीक्षा करणारी. तिनं मशीनलाही त्याच हातानं जोखलं. जमिनीला खोटं बोलता येत नाही, पण इथं जमीन एकाची आणि पेरणारे भलतेच, ते पेरतील तेव्हा खरं, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. ज्या बाईनं चार चार महिने लोकांना ‘थांब’ म्हणून थोपवलं, ती त्या दिवाळीत येईल त्याला सांगत सुटली, "घे. माझ्या शब्दावर घे." उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग अशी आमची गत झाली. बोनस हातात पडला होताच. बसमधल्या आम्ही सगळ्यांनी घेतलं, मारुंजीहून कॉम्प्युटरवाल्या दोघी मैत्रिणी येऊन घेऊन गेल्या, आणि वाघमोड्यानंही घेतलं. त्याचं पहिलंच. मुलीसाठी. मुलीला वर्षातून दोनदा भेटणारा बाप तो. पिशवी छातीशी धरून त्यानं गावाची गाडी पकडली, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, गेम काही येईनात. जे आले ते बघून आक्काच ‘सोड’ म्हणायच्या. बसमध्ये आमची मशीनं पिशवीतून बाहेर निघेनाशी झाली. आणि शिमग्याच्या सुमारास बातमी आली की मशीन बनवणाऱ्या कंपनीनं भाव उतरवला. थोडाथोडका नाही, आम्ही दिलेल्या किमतीला चांगली कात्री लावून. विकलं जात नव्हतं म्हणून उतरवला, हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या बसमध्ये त्या दिवशी जो शिमगा झाला तो काही विचारू नका. "म्हातारीनं माल खपवला रे आपल्या गळ्यात," असंही एक जण बोलला. मी त्याच्याशी भांडलो. पण क्षणभर मलाही तसंच वाटून गेलं होतं, खोटं कशाला बोलू?

बस निगडीत आली ती आम्ही थेट दुकानावर. वाटलं होतं, शटर खाली असेल. तर शटर सताड उघडं, आणि दारात फळ्यावर खडूनं नवा उतरलेला भाव लिहिलेला, रस्त्याच्या पलीकडून दिसेल एवढा मोठा. आक्का गल्ल्यावर ताठ बसलेल्या. हातात मशीन नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आक्का, निदान फळा तरी आत घ्यायचा. "का म्हून?" आक्का म्हणाल्या, "भाव पडलाय. मी कुठं पडलेय?"

तेवढ्यात वाघमोडे पुढं आला. मोठ्यानं बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो हळूच बोलला. "आक्का, पैशाचं जाऊ द्या. मह्या लेकीनं दोन दिवस मासे धरले आन् मशीन ठिवून दिलं. म्हणली, बाबा, ह्यात दुसरं काहीच नाही का? मी तिला काय सांगू? तुमच्या शब्दावर घेतलं होतं मी."

आक्कांना सबबी हव्या असत्या तर ढीगभर होत्या. भाव पाडणारे सातासमुद्रापार, गेम बनवणारे आणखी कुठं. पण आक्का म्हणाल्या, "व्हय. ‘घे’ मी म्हणले व्हते. खेळून बघितल्याबिगर म्हणले. चुकलं माझं." आणि लगेच, "येत्या रविवारी समद्यांनी म्हाळुंग्याला घरी यायचं. आपापली मशीनं घिऊन. इर्जिक घालायची हाय." वाघमोडे मात्र पाठ फिरवून निघून गेला.

भावाची बातमी ऐकून मारुंजीच्या मुलीही दुकानावर आल्या होत्या. त्यांनी मला रस्त्यातच विचारलं की इर्जिक म्हणजे काय. मी सांगितलं, एकट्याच्या बैलांनी नांगरट उरकत नसली की शेजारीपाजारी आपापली बैलजोडी घेऊन येतात, सगळे मिळून एकाचं रान काढतात, आणि ज्याचं रान तो सगळ्यांना जेवू घालतो. "मग इथं बैल कुठायत?" त्यातली एक म्हणाली. मलाही तोच प्रश्न पडला होता.

रविवारी आम्ही गेलो. आक्कांच्या घराच्या परड्याला लागूनच कंपनीची कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडं बोट दाखवून अण्णा म्हणाले, "इर्जिक तितंच घालायचो आमी." परड्यात चुलीवर मटणाचा रस्सा रटरटत होता, माळकऱ्यांसाठी वेगळी आमटी होती, आणि आक्का भाकरी थापत होत्या. थापता थापताच त्यांनी सांगितलं, "एकट्याला धा कॅसेटा परवडायच्या न्हाईत, आन् एका कॅसेटीनं मन भरत न्हाई. तवा एकेकानं एकेक येगळी घ्यायची. कंची घ्यायची त्ये मी खेळून सांगीन. दर रविवारी एकाची दुसऱ्याकडं. पाळी लावून. पहिली माझी."

कुणीतरी म्हणालं, "आक्का, पण मग तुम्ही जेवण कशाला घालताय? रान तर आमचं सगळ्यांचं."

"शब्द कुणाचा व्हता?" आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली. "माझा. म्हंजी वावर माझं. ज्याचं वावर त्याचं जेवाण. बसा पानावर."

आम्ही पानावर बसलो. असा रस्सा मी आयुष्यात खाल्ला नाही, आणि हे माझ्या बायकोच्या देखत लिहितोय. फक्त वाघमोडे आला नव्हता. त्याचं पान मात्र मांडलेलं होतं.

त्याच सुमारास एकेक बरा गेम यायला लागला होता. इर्जिक सुरू झाली आणि काय सांगू, त्या मशीनमध्ये जीव आला. दर रविवारी दुकानात कार्डांची अदलाबदल, अण्णांचा चहा, आणि कोण कुठं अडकला याच्या चर्चा. पण एका रविवारी गाडं अडलं. चांगल्यातला चांगला गेम, ज्याची सगळे वाट बघत होते, तो आक्कांनी पुढं सोडलाच नाही. एका कोऱ्या डबीत घालून देवाच्या फोटोपाशी ठेवून दिला. "ही वाघमोड्याची पाळी हाय," त्या म्हणाल्या. आम्ही म्हणालो, अहो, तो इर्जिकीतच नाही. यायचा नाही तो. आक्का चिडल्या. "पाटाच्या पाण्याची पाळी असती. माणूस आला न्हाई म्हून त्याचं पाणी आपल्या वावरात वळवत्यात व्हय रं? त्याचं वावर वाळलं तर चालंल?" पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. लोक कुरकुरायला लागले, एक जण तर रागानं निघून गेला. आक्का ढिम्म. डबी जागची हलली नाही.

मी बसमध्ये वाघमोड्याच्या कानावर घातलं. त्यानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. पण त्या रविवारी तो दारात उभा. चप्पल काढून आत आला आणि गल्ल्यावर त्यानं मासे धरायच्या गेमचं कार्ड ठेवलं. "सगळ्यांकडं चांगली कार्डं हायेत, हे कुणाकडंच नसंल," तो म्हणाला, "मला रिकाम्या हातानं यायचं नव्हतं." आक्कांनी ते कार्ड उचलून कपाळाला लावलं. म्हणाल्या, "बैल लहान असंल, पर जोडी पुरी झाली."

मग त्यांनी डबी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "पोरीला सुट्टी कवा लागती?" वाघमोडे म्हणाला, पुढच्या आठवड्यात. आक्कांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. काही बोलावं लागलं नाही. एकेकानं आपापलं कार्ड काढून गल्ल्यावर ठेवलं, कुरकुरणाऱ्यानंही. "सुट्टीभर पाळी तिची," आक्का म्हणाल्या. "तिला सांग, बाबांनी मशीन घेतलं त्ये वाया न्हाई गेलं." तो तगडा माणूस, फोर्कलिफ्टवर आख्खं इंजिन उचलणारा, तिथं सगळ्यांसमोर रडला. मीही रडलो. त्यात लाजायचं काय?

पुढं त्या मशीनवर एकाहून एक गेम आले. जमीन खरोखरच कसदार होती. दुसरं कुणी असतं तर ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ म्हणून फळ्यावर लिहिलं असतं. आक्कांनी एकदाही तसं म्हटलं नाही. उलट एकदा दुकानात मी एका ओळखीच्याला सहज बोलून गेलो, "घे रे, मस्त आहे," तर आक्का माझ्यावर कडाडल्या, "जेवाय घालशील का त्याला? न्हाई ना? मग कशाला म्हणतोस घे? ज्याला जेवाय घालायची तयारी न्हाई, त्यानं फुकट शब्द टाकू नये."

मग काळ बदलला. गेम नेटवरून थेट मशीनमध्ये उतरू लागले, कार्डं कमी झाली. आक्कांना साखरेनं गाठलं, नजर अधू झाली. अण्णा आधीच गेले होते, कोपऱ्यातला स्टोव्ह गार पडला होता. एक दिवस आक्कांनी दुकान बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे जमलो. नेमकं तेव्हाच त्याच जातीचं आणखी नवं मशीन आलं होतं. वाघमोडे कुणाचं तरी मागून घेऊन आला आणि आक्कांच्या हातात देऊन म्हणाला, "लेक आता इथं शिकायला यायलीय. तिला घ्यावं म्हणतो. सांगा, घेऊ का?"

मी दचकलो. सगळ्या जगात ज्यानं या बाईच्या शब्दावर पोळून घेतलं, तोच पुन्हा शब्द मागत होता. आक्कांनी मशीन चाचपलं. अंगठे बटणांवरून फिरवले. पडदा डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. चेहरा तस्साच उजळला, त्या दिवाळीसारखा. "लई ग्वाड हाय रं," त्या म्हणाल्या. "गेम किती आलेत?"

"तीन-चार."

आक्कांनी मशीन त्याच्या हातात परत ठेवलं आणि वरून आपला हात ठेवला. "थांब," त्या म्हणाल्या. "भाव बी उतरंल आन् गेम बी येतील. मी सांगीन तवा घे." सगळे हसले. वाघमोडे म्हणाला, "मग थांबतो."

आणि सांगायच्या आधीच आक्का गेल्या. थोड्याशा आजारानं, शांतपणे. दहाव्याला आम्ही सगळे महाळुंग्याला गेलो होतो. परड्यातली चूल तशीच होती. मला तिच्याकडं बघवेना, मी भिंतीपलीकडं बघत राहिलो.

या गोष्टीला काही महिने झाले, आणि परवा वाघमोड्याचा फोन आला. "सातारकर, भाव उतरला हो. आक्का म्हणल्या होत्या तसाच. गेम बी आलेत म्हणतेत." मग म्हणाला, "पण आता ‘घे’ कोण म्हणणार?"

मी म्हणालो, थांब जरा, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी ते मशीन आणलं, माझ्यासाठी. आलेल्यातले चांगले म्हणून गाजलेले गेम एकेक करून शेवटपर्यंत खेळलो. बायको म्हणाली, तुम्हाला या वयात काय खूळ लागलंय. तळेगाव चौकाच्या कोंडीत खेळलो, रविवारी दुपारी खेळलो. वाघमोडे मधूनमधून फोन करून विचारायचा, मी म्हणायचो थांब, आणि तो वैतागायचा. गाड्यांचा गेम यातही आहे, तो मी सोडला. बाकीचे पीक म्हणावं असे निघाले.

काल सगळं खेळून झालं. आधी स्वयंपाकघरात जाऊन बायकोशी बोललो, मग वाघमोड्याला फोन लावला.

"वाघमोडे," मी म्हणालो, "घे. आणि रविवारी लेकीला घेऊन ये. जेवण माझ्याकडं."